न्हाव्याशेजारची चटई

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कंबर अजून धडाला चिकटून आहे, काळजी नसावी. तुरुंगाच्या फरशीवर पहारा करून तिची पार वाट लागली होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, हालचाल हवी. म्हणून आम्हा पहारेकऱ्यांसाठी योगवर्ग निघालाय. शिकवायला एक निवृत्त मास्तरीण येतात, आम्ही त्यांना बाई म्हणतो. मांजरासारखी पाठ वर घ्यायची, खाली सोडायची; गुडघे पोटाशी घ्यायचे. जोर लावला की ओरडतात, दुखण्याशी कुस्ती खेळू नका म्हणतात. पण गुण येतोय. बुटाच्या नाड्या आता माझ्या मी बांधतो. तुझी भावजय म्हणते, चला, एक चाकरी सुटली.

माझ्या शेजारच्या चटईवर तुरुंगातला न्हावी असतो. चोरीत सापडलेला कैदी. उभं राहून त्याचीही कंबर गेलेली, बाईंनीच परवानगी काढली. आमच्या जमादारांना ते खपत नाही. कैद्याशेजारी लोळायला लाज वाटत नाही का, असं चारचौघांत म्हणाले. मी म्हटलं, कंबरेला गणवेश कळत नाही. तेव्हापासून माझ्याकडे डोळे वटारून बघतात.

लोभ आहे तो वाढता ठेव.
तुझा,
बंडू

१५ फेब्रुवारी

चि. बंडूस अनेक आशीर्वाद.

तुझी मांजर मीही करून पाहिली, आमच्या कारखान्यात, शिवणखात्यातल्या कापडाच्या गठ्ठ्यांमागे. मुकादमीण समजली, मला चक्कर आली. तिने तोंडावर पाणी मारलं! हसू नकोस, त्या रात्री झोप मात्र छान लागली.

जमादाराच्या तोंडी लागू नकोस. तुझी जीभ लहानपणापासून तुझ्यापुढे धावते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
ताई

२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वर्तमानपत्रात वाचलं असशील. मी जिवंत आहे.

नासक्या जेवणावरून कैदी उसळले, तेव्हा आमचा वर्ग चालू होता. बाईंना मी कपड्यांच्या कोठडीत ढकलून बाहेरून कडी घातली, तेवढ्यात दार मोडून ते आत आले. बाकाच्या पायाने माझ्या तोंडावर घाव बसला, तीन दात गेले. एक जण छातीवर बसला. त्याच्या हातात घासून धार लावलेला चमचा होता. तो गळ्यावर येणार तोच न्हाव्याने त्याला केसांना धरून मागे ओढलं. चमचा न्हाव्याच्या तळहातातून आरपार गेला, तरी त्याने पकड सोडली नाही.

मग आमची कुमक आली. कैदी पळाले. न्हावी मात्र हात डोक्यावर ठेवून माझ्या शेजारी पालथा पडला, कोणी सांगितलं नव्हतं तरी. जमादारांनी त्याच्या पाठीवर काठी घातली. पुन्हा घातली. मी ओरडत होतो की याने मला वाचवलं. तोंडात रक्त, शब्द फुटेना. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, ताई. त्याचे डोळे माझ्याकडे होते. ते विझल्यावरही काठी थांबली नाही.

आता म्हणतात, कैद्यांनीच त्याला मारलं. चौकशीसाठी मला बोलावलंय.

आठवण असू दे.
बंडू

९ मार्च

चि. बंडूस आशीर्वाद.

पत्र वाचून मशीनवर बसवेना. तरी मोठी म्हणून सांगते, गप्प राहा. मेलेला परत येत नाही. तुला दोन मुली आहेत, आणि त्याच लोकांबरोबर रोज आत जायचंय. मला वाईट म्हण, पण ऐक.

जीव टांगणीला लागलेली,
ताई

२१ मार्च

ती. वन्संना सा. न.

यांनी ऐकलं नाही. चौकशीत जमादारांकडे बोट दाखवून सगळं सांगितलं. काल कामावर गेले, तर कपडे बदलायच्या खोलीत डोक्यावर घोंगडी टाकून चौघांनी यांना खाली पाडलं आणि फक्त कंबरेवर मारलं. पट्ट्यांनी, बुटांनी. एक जण म्हणाला म्हणे, आता कर तुझा योग. मणक्याला दोन ठिकाणी तडा आहे. पाय हलतात, एवढं डॉक्टरांनी सांगितलंय.

मी यांना विचारलं, ताईंचं का नाही ऐकलंत? म्हणाले, गप्प राहिलो असतो तर ती काठी माझ्याही हातात असती.

तुमची सावली आमच्यावर राहू दे.
आपली भावजय

३० एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस. घरी आलोय. बाई येऊन गेल्या. मी विचारलं, कुठून सुरुवात करू? म्हणाल्या, हाड जुळेपर्यंत एकही आसन नाही, नुसतं पडा आणि श्वास घ्या. श्वास घेतला तरी कळ डोळ्यांपर्यंत जाते. मग त्याही माझ्याबरोबर श्वास घेत बसल्या.

जमादारांना अटक झाली. मला मारणारे चौघे अजून कामावर आहेत. मंगळवारी कोर्टात माझी साक्ष आहे. वकील म्हणाले, घरून कॅमेऱ्यासमोर दिली तरी चालेल. मी नको म्हटलं. मी दारातून आत येताना त्या जमादाराने बघितलं पाहिजे. कोर्ट दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट बंद. एका बाजूला तुझी भावजय आहे, दुसरी बाजू रिकामी आहे.

सोमवारपर्यंत ये. लोभ तर आहेच. या वेळी खांदाही लागेल.

तुझा,
बंडू