जिन्याचं खासगीकरण

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सहाच अंगं सध्या कामावर आहेत, उरलेली दोन शेकत पडली आहेत. तेवढ्यावर भागवून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचं घोरणं अजून शेजारपाजारी ऐकू जातं का?

इकडे आमच्या इमारतीत आर्थिक सुधारणा झाल्या. तुझं पहिल्या मजल्यावरचं घर कुलूपबंद, म्हणून तू वाचलीस. तुला आठवतच असेल, दर रविवारी सकाळी सगळी घरं मिळून जिना धुवायची. वरच्यांनी पाणी ओतायचं, मधल्यांनी खराटा मारायचा, खालच्यांनी वरच्यांच्या नावाने ओरडायचं आणि मग सगळ्यांनी ओल्या पायऱ्यांवर बसून चहा प्यायचा. कोणाची मुलगी नोकरीला लागली, कोणाचं काय दुखतंय, सगळं तिथेच कळायचं. तर पाच महिन्यांपूर्वी आमच्या अध्यक्षांनी (पेशाने सल्लागार, कसले, ते त्यांच्या बायकोलाही नीट सांगता येत नाही) सभेत जोरदार भाषण ठोकलं. म्हणे, फुकटात एकमेकांची कामं करणं हा मागासलेपणा आहे. मुक्त बाजार येऊ द्या, मजल्यामजल्यांत स्पर्धा लागू द्या, प्रत्येकाने आपापलं हित पाहिलं की एकोपा आपोआप येतो! टाळ्या पडल्या. प्रत्येक मजल्याने आपापला सफाई कंत्राटदार नेमला आणि हद्दीच्या पायरीवर पांढरी रेघ मारून घेतली.

तेव्हापासून जिना चकाचक आहे, म्हणजे रेघेपर्यंत. आमच्या तिसऱ्या मजल्याचा कंत्राटदार पाणी रेघेपर्यंत आणून सोडतो, आणि दुसऱ्या मजल्यावाल्याच्या करारात धूळ आहे, पाणी नाही. त्यामुळे तिथे कायमचं तळं साचलंय, ज्याचा मालक बाजाराला अजून सापडलेला नाही. गेल्या सोमवारी त्याच तळ्यात माझा पाय सटकला आणि मी उताणा पडलो. आमचा कंत्राटदार शेजारीच खराटा धरून उभा. म्हटलं, "बाबा रे, हात दे." त्याने वाकून नीट पाहणी केली. "साहेब, रेघेच्या वर तुमचं फक्त डोकं आहे. तेवढं उचलू का?"

शेवटी दुसऱ्या मजल्यावरचे टेलरमास्तर दार उघडून बाहेर आले. गळ्यात टेप तशीच. "काय हो, पायऱ्यांचं माप घेताय?" म्हणाले, आणि खांदा देऊन मला आत नेऊन बसवलं. (खांदा देऊन म्हणजे जिवंत माणसाला देतात तसा. घाबरू नकोस.) आत पाहतो तर वहिनींच्या डोळ्याला हिरवी पट्टी. ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते, ताई, आणि मी राहतो बारा पायऱ्या वर! "मास्तर, सांगायचं नाही का?" तर शांतपणे म्हणाले, "कधी सांगणार? रविवारी तुम्ही खाली येतच नाही." मी चक्क कान पकडले. (तुझा विश्वास बसणार नाही, पण वहिनी साक्षीला आहेत, एका डोळ्याने का होईना.)

असो. भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा आडवा पडलेला
भाऊ

ता. क. जुनी पद्धत परत आणायची का, यावर येत्या रविवारी मतदान आहे. तीन घरं इकडे, तीन तिकडे, सातवं तुझं. "जिना सगळ्यांनी मिळून धुवावा" असं सहीनिशी लिहून ताबडतोब धाड. पत्र खरं तर एवढ्यासाठीच. गुडघ्यांची चौकशी मात्र मनापासून होती.

आणखी ता. क. अध्यक्षांचं ते भाषण मीच लिहून दिलं होतं. रविवारी दहापर्यंत लोळायला मिळावं, एवढाच माझा अर्थशास्त्राचा अभ्यास. मास्तरांना हे ठाऊक नाही. मीच सांगीन म्हणतो, तुझं मत पोचल्यावर.

शेवटचा ता. क. मला जिना उतरवत नाही, म्हणून हे पत्र पेटीत टाकायला मास्तरच निघालेत, दारात उभे आहेत. "किती द्यायचे?" असं मी विचारून बसलो (सवय, दुसरं काय). ते नुसते हसले. काही घेतलं असतं तर मी स्वस्तात सुटलो असतो.