दोन्हीकडे काजं, बटण एकही नाही

प्रिय जाऊबाई,

धाकट्या जावेचा जय ख्रिस्त. तुमचा गुडघा काय म्हणतो? आणि भाऊजींचा खोकला? (त्यांना गरम पाणी प्यायला सांगा, ऐकणार नाहीत, तरी सांगा.) प्रभूच्या कृपेने इकडे सगळे ठणठणीत आहेत आणि मी तर इतकी खुशीत आहे की हातात पेन ठरत नाहीये!

आईंनी तुम्हाला फोनवर एवढंच सांगितलं असेल, की शनिवारी गाडी पाठव, मी तुझ्याकडे राहायला येते. कारण सांगितलं नसेल. (सासूबाईंचा स्वभाव तुम्ही माझ्याआधीपासून ओळखता.) झालं असं, की शिवणाच्या खोलीत मी मशीन चालवते आणि आई काजं-बटणं करतात, हे माझ्या लग्नापासूनचं. पंधरा दिवसांपूर्वी माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, हल्ली काजं वाकडी येतात हो." झालं! सुई ठेवली, चष्मा ठेवला, उठल्या. मग अबोला. दाराशी बॅगसुद्धा आणून ठेवली. जाऊबाई, खोटं कशाला बोलू, ती रिकामी खुर्ची बघून माझी शिलाईसुद्धा सरळ जाईना.

त्यात पाळकसाहेब प्रवचनात म्हणाले, घरातल्या माणसाचं एखादं काम न सांगता करून टाका, प्रभूला तेवढं प्रेम पुष्कळ झालं. मी तिथेच ठरवलं. क्वायरचे नवे काळे झगे शिवून पडलेच होते. काजं डोळ्यांना त्रासाची, ती आपण गुपचूप करावीत आणि बटणं आईंसाठी ठेवावीत, म्हणजे त्यांचा मानही राहील. आता गंमत ऐका. आईही माझ्याच बाकावर बसून तेच प्रवचन ऐकत होत्या! मी बाजारात गेले की त्या गुपचूप काजं करायच्या (धाकटीला काजांचा कंटाळा, बटणं ती लावेल म्हणून), आणि त्या प्रार्थनासभेला गेल्या की मी! त्यांनी डाव्या बाजूला केली, मी उजव्या. काळं कापड, काळा दोरा, पकडले जाऊ या भीतीने घडी कोणी पुरती उलगडेना, आणि विचारणार कसं, अबोला ना! परवा रविवारी आमच्या ह्यांनी (शहाणेच ते!) गठ्ठा उचलून थेट चर्चमध्ये नेऊन दिला.

क्वायर उभा राहिला. सगळ्यांच्या एका हातात गीतांचं पुस्तक, दुसऱ्या हातात झगा घट्ट धरलेला. पण तो जाड्या आवाजाचा बेकरीवाला! तो रंगात येऊन दोन्ही हात पसरतो, आणि पिठाने माखलेला बनियन सगळ्या मंडळीला दिसतो. अशी खसखस पिकली म्हणता! पाळकसाहेबांनी पुस्तकाआड तोंड लपवलं. मी मेल्याहून मेले. तेवढ्यात कोणीतरी माझं मनगट धरून मागच्या खोलीत ओढलं. आई! फुलांच्या टोपल्यांच्या लांबलचक पांढऱ्या फिती सोडत म्हणाल्या, "रडतेस काय? दोन्हीकडे भोकं आहेत ना, मग ओव!" एकेक गायक आत येई आणि आम्ही बुटाची नाडी ओवावी तशी फीत ओवायचो. काळ्यावर पांढरी अशी काही शोभली की लोक विचारायला लागले, ही नवी फॅशन कुठली! आणि जाऊबाई, ओवताना नीट दिसलं. आईंची रांग सरळ होती. वाकडी माझी. त्यांनी माझ्या काजांवरून बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि एक अक्षर बोलल्या नाहीत. इतकं प्रेमाचं गप्प बसणं मी कधी पाहिलं नव्हतं. मी तिथेच त्यांच्या गळ्यात पडले.

तर मुद्दा असा, की शनिवारी गाडी पाठवू नका. पाहुणे आलेत म्हणा, चाक पंक्चर आहे म्हणा (खोटं बोलायचं नसेल तर आधी पंक्चर करा). थांबा म्हणायला माझी जीभ अजून रेटत नाही. नाही म्हणाल्या तर?

तुमची,
धाकटी

ता. क. आत्ताच त्यांच्या बॅगेत न सांगता लोकरीची शाल ठेवायला गेले, तर बॅग रिकामी! साधा रुमालसुद्धा नाही. इतके दिवस दाराशी ती नुसतीच उभी! तशीच धावत गेले आणि म्हणाले, "आई, नका ना जाऊ." तर म्हणतात, "हे म्हणायला एवढा वेळ?"

ता. क. २. गाडी काढाच. शेजारच्या चर्चच्या मंडळीलाही तसलेच झगे हवेत. तुम्हीच बसून या, चष्मा विसरू नका. माझी काजं उसवायला आई एकट्या पुरायच्या नाहीत.