गायरानाचा ठराव

न्हाय आण्णा, आता तुम्ही गप बसून ऐकायचं. तुम्ही जाऊन दहा वर्सं झाली, बाप म्हणून मान ठेवून लई झालं. तलाठ्याला तसं सांगायची काय गरज होती तुम्हाला? सगळी वस्ती सरकारी गायरान कसायची, आपण बी कसायचो, तुमच्या बापानं दगड वेचून केलेला तुकडा. दरसाली तलाठी यायचा, अतिक्रमण म्हणून दंड करायचा, अन् लोकं हसत पावती घ्यायची, कारण तीच ताब्याचा पुरावा. "दंड भरायला एवढी घाई मी कुठं बघितली न्हाय," तो म्हणायचा. शेजारची मावशी म्हणायची, "साहेब, आमचा सातबारा हाच हाय. नाव नीट लिवा."

त्या साली तुम्ही थर्मलच्या वीजकेंद्रावरून सुट्टीला आला होता. कोळशाच्या पट्ट्याखाली सांडलेला चुरा फावड्यानं भरायचं काम, ठेकेदाराकडचं, पण गळ्यात गेटपास. कुणीतरी तुमच्या डोक्यात भरवलं होतं, सरकारी केस असली की गेटपास जातो. तलाठी दारात येतो अन् तुम्ही म्हणता, "माझं नाव नका लिहू. आमी आता न्हाय कसत." आई चुलीपुढून म्हणती, "मग ती तूर काय आपोआप उगवली व्हय?" तुम्ही तिला सगळ्यांसमोर गप केलं. पुढं दरसाली तेच. पेरणी आपली, पावती न्हाय. अन् खोकला लागल्यावर ठेकेदारानं गेटपास बी काढून घेतला.

तुमच्या खोकल्यातनं काळं पडायचं, ती फडकी धूत धूत मी बी.ए. केलं. म्हणून गावात सोलर येणार म्हणल्यावर सगळ्यात पुढं मी होते. कोळसा बंद व्हावा, एवढंच कळत होतं. ग्रामसभेत माझं अक्षर चांगलं म्हणून सरपंचांनी सोलरला गायरान द्यायचा ठराव लिहायला मलाच बसवलं. "पावतीवाल्यांचे तुकडे सोडून," ते सांगत गेले, "बाकी गायरानावर कुणाचाही कब्जा नाही." माझा पेन थांबला. सरपंच म्हणले, "तुमची पावती हाय का, पोरी?"

"न्हाय."

"मग लिही की."

लिहिलं. आता आपल्या तुकड्यावर पॅनल हायत, भोवती तारेचं कुंपण. दिवसा लाईट आली, ज्यांच्या विहिरी हायत त्यांच्या मोटारी चालतात. अन् थर्मल? ते बी चालूच हाय, आण्णा. देशाला दोन्ही लागतंय म्हणं. आई बेंबळीकडं दुसऱ्याच्या रानात खुरपाय जाती, जाताना कुंपणाकडं बघत न्हाय.

तुमच्या नावानं मी आईपुढं लई बोलले. तुमच्यामुळंच गेली जमीन, म्हणले. पण तो ठराव ग्रामसेवकानं लिहिला, असं तिला सांगितलंय. ती त्या दिवशी सोयाबीन काढाय गेली होती. ठरावाची झेरॉक्स पेटीत हाय, तिला वाचता येत न्हाय. तुम्ही असता तर माझं अक्षर लगेच ओळखलं असतं. तुम्हाला लिहिलेला हा कागद मी फाडणार हाय, घरात ठेवला तर कुणीतरी तिला वाचून दाखवील. काही बोलू नका. चालले मी.