पुन्हा काढा, पण तुम्ही काढू नका

बाबा, त्या रविवारबद्दल तुमच्या हयातीत मी तुमच्याशी एक शब्दही बोलले नाही. तुम्ही गेलात त्या वयाच्या पुढे मी केव्हाच निघून आले, तरी तो दिवस आठवला की आजही हातातलं काम थांबतं. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. डोंबिवलीत तेव्हा घरांपेक्षा मोकळं रान जास्त होतं आणि आपल्या दोन खोल्यांच्या मागच्या खिडकीखाली गवत गुडघ्यापर्यंत वाढायचं. तुम्ही ठाण्याच्या गिरणीत हेडक्लार्क होता; घरच्या पत्रांतले ऱ्हस्व-दीर्घसुद्धा लाल शाईने दुरुस्त करायचात. सहा दिवस कचेरी आणि रविवारी कॅमेरा. दुपारी ठाकुर्लीचे काका आणि कल्याणचे ड्रॉइंग मास्तर आपापले फोटो घेऊन यायचे. एकेक फोटो सतरंजीवर मधोमध ठेवायचा आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. आधी काय साधलं ते सांगायचं, मग काय चुकलं, आणि शेवटी सुधारायचं कसं. ज्याचा फोटो असेल त्याने मात्र सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. हा नियम तुमचाच. दुर्गाडी किल्ल्याच्या एका फोटोवरून काकांशी तुमची जुंपली होती, तेव्हा तुम्हीच तो घालून दिलात.

त्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी माझा फोटो काढला होतात, ठाण्याच्या स्थळाला पाठवण्यासाठी. भिंतीवर पांढरी चादर ताणली, मला आईची जांभळी साडी नेसायला लावली, फूटपट्टीने अंतर मोजलं. कॅमेऱ्याची ती काळी पेटी पोटाशी धरून तुम्ही वरच्या काचेत वाकून पाहत होता. "मान वर. खांदे सैल सोड. हस. हस म्हटलं ना!" मी हसले. निदान मला तसं वाटलं. संध्याकाळी मोरीत कंदिलाला लाल कागद गुंडाळून तुम्ही तो फोटो धुतलात आणि बाहेर येऊन म्हणालात, "झकास आलाय." तुमच्या तोंडून असा शब्द क्वचितच यायचा. मला वाटलं, चला, सुटले.

रविवारी मी स्वयंपाकघरात चहा गाळते आहे, आई पोहे वाढते आहे, आणि मधलं दार अर्धं उघडं आहे. सतरंजीवर माझा फोटो ठेवलेला. काका म्हणतात, "वा, फोकस अगदी नेमका! साडीचे काठसुद्धा मोजून घ्यावेत." मग मास्तरांची पाळी. ते मुळातच कमी बोलायचे. त्यांचा आवाज येतो, "फोटो स्वच्छ आहे. उजेड छान पडलाय. पण मुलगी घाबरलेली आहे."

"अहो, मुली कॅमेऱ्याला घाबरतातच," काका हसून म्हणाले.

"कॅमेऱ्याला घाबरलेलं माणूस भिंगाकडे बघतं. ही भिंगाच्या वर बघते आहे. कॅमेरा धरणाऱ्याच्या तोंडाकडे."

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. चहा कपातून बशीत, बशीतून ओट्यावर आला. आईने माझा दंड धरला. आता तुमचा आवाज चढणार, मास्तर चपला घालून निघणार, आणि मग आमची पाळी, असं मी मनात धरूनच चालले होते. पण नियम तुमचा होता. तुम्ही गप्प बसलात. काकांनी घसा खाकरून कसंबसं विचारलं, "मग सुधारायचं कसं?" मास्तर म्हणाले, "पुन्हा काढा. पण तुम्ही काढू नका. वहिनींना काढू द्या."

ते दोघे चहा न घेताच गेले. तुम्ही फोटो हातात घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभे राहिलात आणि मला विचारलंत, "मास्तर म्हणाले ते खरं आहे?" मी ओट्यावरचा चहा पुसत राहिले. आणि तेव्हा आई बोलली. तुमच्यासमोर पदर सावरल्याशिवाय न बोलणारी आई, पोह्यांच्या कढईवरून नजर न उचलता म्हणाली, "खरं आहे. मीसुद्धा घाबरते."

"मी कधी हात उगारलाय तुमच्यावर?"

"नाही. हात कधीच नाही उगारलात."

"मग?"

"जिन्यावर तुमच्या चपला वाजल्या की आम्ही बोलणं थांबवतो. इतक्या वर्षांत कधी लक्षात नाही आलं?"

तुम्ही उंबऱ्यातच खाली बसलात. पुरुषमाणसाला असं मटकन बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. चेहरा कुणी थोबाडीत मारल्यासारखा. मग म्हणालात, "मला वाटायचं, आपलं घर शांत आहे."

पुढच्या रविवारी सकाळी तुम्ही कॅमेरा आईच्या हातात दिलात, कळ कुठली ते दाखवलंत आणि स्टेशनकडे निघून गेलात. आईने पेटी आधी उलटी धरली. मग काचेत बघून ओरडली, "अगं बाई, तू डावीकडे सरकलीस की उजवीकडे जातेस!" मला हसू आवरेना, तिलाही आवरेना, आणि त्या हसण्यातच कळ दाबली गेली. संध्याकाळी तो फोटोही तुम्हीच धुतलात आणि त्याच्या पुढच्या रविवारी तुम्हीच सतरंजीवर ठेवलात. तिरका, कपाळ अर्धं कापलेलं, कोपऱ्यात आईच्या बोटाची सावली. काका आणि मास्तर तुमच्या तोंडाकडे पाहत राहिले. तुम्ही रीतसर सगळे दोष सांगितलेत, एकही सोडला नाहीत. शेवटी म्हणालात, "पण ही मुलगी मी याआधी पाहिली नव्हती."

दाराआड मी पदर तोंडात कोंबून रडले. दुःखाने नव्हे, आनंदाने तर नव्हेच. काय ऐकलं तेच कळत नव्हतं.

तोच तिरका फोटो ठाण्याला गेला. ते स्थळ जमलं नाही, पुढचं जमलं, आणि माझा संसार चांगला झाला. तुम्ही एका रात्रीत बदलला नाहीत. जिना चढताना खोकायला लागलात, आम्हाला आधी कळावं म्हणून, आणि आम्ही त्या खोकण्यानेच गप्प व्हायला लागलो. पण मग एका संध्याकाळी तुम्ही खोकलात तरी आई बोलतच राहिली. तुम्ही दारात उभे राहून तिचं वाक्य संपायची वाट पाहिलीत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, मला ठाऊक आहे. तरीसुद्धा, खरं सांगते बाबा, घडी घालण्याआधी मी सगळे ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासून घेतले.