वॉर्डाच्या दाराबाहेरची खुंटी

४ फेब्रु.
भूगावहून बसने माहेरच्या गावी गेले. बंद पडलेल्या मनोरुग्णालयाच्या फाटकावर बिल्डरची पाटी. इमारत पाडायची का, ते सोमवारी ग्रामसभेत ठरणार. सरपंच भेटले. "मॅडम, येड्यांच्या दवाखान्यापायी शेजारचे प्लॉट पडून हायेत. इमारत गेली की नाव बी जाईल."
बाकी जाऊ दे. बायकांचा वॉर्ड मी पाडू देणार नाही.

५ फेब्रु.
आत जाऊन आले. छप्पर खचलंय. वॉर्डाच्या दाराबाहेर आईची खुंटी अजून आहे. आई इथे नर्स. आत काच चालत नसे, म्हणून दाखल होणाऱ्या बायकांच्या बांगड्या उतरवत. नवरा असून हात रिकामे, याचंच त्यांना रडू. मग आईही आपल्या बांगड्या खुंटीला अडकवून आत जायची. "बघा, माझेही तसेच." एकदा घालायला विसरून तशीच बाजारात गेली. गावाला वाटलं, नर्सबाईंचे यजमान गेले. दुसऱ्या दिवशी बाबा मुद्दाम बाजारात चक्कर मारून आले. आम्ही पोरं किती हसलो. आईच्या बांगड्या पुन्हा खुंटीला.

७ फेब्रु.
पारूबाईंकडे. सरपंचांच्या आई. पहिल्या बाळंतपणानंतर त्या या वॉर्डात होत्या, शाळा सुटून मी आईकडे आले की माझी वेणी घालायच्या. घरात हे फक्त त्यांच्या यजमानांना ठाऊक. सून चहा करायला गेल्यावर हळूच विचारलं, सभेत बोलाल?
"नातीचं लग्न ठरतंय, बाय. घरी निघाले तवा तुज्या आईनं कासार बोलावून हिरव्या बांगड्या भरल्या मला. समदं ध्यानात हाय. पर न्हाई."
पुन्हा विचारणार नाही. नावही घेणार नाही. आईबद्दल बोलेन, तेवढा हक्क माझा.

८ फेब्रु.
आरशासमोर बोलून पाहिलं. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, आवाज शेवटच्या बाकापर्यंत जावा, पण ओरडायचं नाही. ह्यांना सांगितलं, उद्या हात रिकामे ठेवून बोलणार.
"मग मी बाजारात चक्कर मारून येऊ?"

९ फेब्रु.
पंचायतीच्या पायरीवर. माणसं जमायची आहेत, म्हणून लिहितेय. पारूबाई आल्या, शेजारी टेकल्या. माझे हात पाहिले.
"आत्याबाई, हिकडं बसा की," सुनेने हाक मारली. उठल्या नाहीत. पदराखाली काच किणकिणतेय. आत सरपंचांनी माइक हातात घेतला.
"एक निघंना गं," पारूबाई म्हणाल्या. "साबन हाय का?"
साबण नाही. पर्समध्ये क्रीम असेल. वही मिटते.