एक ओळ, एक पान

गुरुजी, सांगलीत आमच्या गच्चीवर कुंड्यांत वांगी लावलीयत. परवा पानं पांढुरक्या ठिपक्यांची दिसली आणि हात आपसूक पानाखाली गेला. तुमचंच ते, "तोंड काय बघतोस, पाठ बघ!" उलटलं तर तीच मंडळी: कणीएवढे ढेकूण, अंगावर काचेच्या जाळीचे पंख, भोवती काटेरी पिल्लं आणि त्यांच्या घाणीचे काळे ठिपके. तुम्ही दिलेलं भिंग शोधून काढलं, आणि मी एकदम कोरेगावच्या शाळेमागं तुमच्या वाफ्यात उकिडवा बसलोय. औषध मारायचं नाही, ओल्या फडक्यानं पानांची पाठ पुसायची आणि पुसताना कविता म्हणायची. एक ओळ, एक पान. मी पंख बघत ओळ विसरतो. "काय रं, थांबलास का?" "गुरुजी, पंख लय देखणे हायती." "देखणे व्हय? मग तुझ्या ताटातलं वांगं त्यांनाच वाढू." सगळा वर्ग हसतो. मग तुम्ही शेजारी बसून हळूच सांगता, हा वांग्याचा. हळदीवरचा निराळा, घाणेरीवरचा निराळा. जाळी सगळ्यांना, पण प्रत्येकाची वीण वेगळी, आणि भलतं पान त्यांना मानवत नाही. अंडी पानाच्या आत रुतवलेली, फडकं तिथवर पोचत नाही, म्हणून काही दिवसांनी पुन्हा पुसायचं.

मुलानं मला इथं आणलं आणि नोकरीपायी तोच दूर गेला. फोनवर म्हणतो, "बाबा, झाडं उपटून टाका, बाजारात वांगी मिळतात." शेजारच्या सूनबाईंच्या कुंड्या माझ्या कुंड्यांना लागून. त्या म्हणाल्या, "आवं आजोबा, फवारा की कायतरी! माझी पण झाडं जातील." म्हटलं, हातानं घालवतो, थोडी सवड द्या. तेव्हापासून त्या रोज सकाळी तपासायला येतात, कठड्याला टेकतात, "आज कुठली कविता?" म्हणून चिडवतात. मी पुसतो, म्हणतो. दिवसभरात माझा आवाज मला तेवढाच ऐकू येतो.

काल झाडं जवळजवळ स्वच्छ झाली. त्या वाकून म्हणाल्या, "हे एक पान राहिलं की!" म्हटलं, शेवटची ओळच आठवंना. "मग उद्या आठवा," म्हणत हसत खाली गेल्या. जिन्यावरची पावलं थांबेपर्यंत मी फडकं हातात धरून उभा होतो.

हा कागद कुठं धाडणार? भिंगाच्या डबीत घडी घालून ठेवतो. पण तुमच्यापाशी खोटं नको, गुरुजी. ओळ पाठ आहे.