बेट अजून बुडालं नाही

जिनिव्हा

बाबा, तुमाले अन् आईले सप्रेम जयभीम.

मी मजेत आहे, दोन टाइम नीट जेवून राहिली. आईचे गुडघे कसे आहेत? मूर्तिजापुरात थंडी पडली का?

काल आमच्या सभागृहात एका करारावर सह्या होत्या. पुढे कागद अन् पेन ठेवायचं काम माझं. एका लहानशा बेटाच्या पंतप्रधानबाईंची पाळी आली. वयानं आपल्या जाईआत्याएवढ्या. करार असा, की बेट बुडालं तर लोकायले दुसऱ्या देशात जागा भेटेल, पण बेटावरचा हक्क आजच सोडायचा. बाईंनी सारं वाचलं अन् पेन खाली ठेवला.

आमच्या हापिसातल्या साहेबांनी मले पेन पुन्हा पुढे करायले लावला. बाई हळूच म्हणाल्या, "पोरी, राहू दे. आमचं बेट अजून बुडालं नाही."

शंभर देशांची माणसं जागेवर बसून होती.

त्या एकट्याच निघाल्या. मी टेबल सोडून दार उघडायले गेली. त्यांनी माझा हात धरला अन् दाराबाहेर पडेपर्यंत सोडला नाही.

जागा सोडली म्हणून साहेबांनी उद्या बोलावलं आहे. तुमी काळजी करू नका. मले अजून तो हात जाणवून राहिला.

तुमची,
संध्या